नऊ हजारांचा क्लास आणि फुकटचं मॅन्युअल

सांगलीत आमचं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, फ्लेक्स. गिऱ्हाईक मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवतं, निम्म्या वेळा नवरीच्या आडनावातच चूक असते आणि छापून झाल्यावर बोलणी आम्हाला. म्हटलं, वेबसाइटवर फॉर्मच टाकू, ज्याचं नाव त्यानंच टाईप करावं. त्यासाठी वयाच्या 46 व्या वर्षी पीएचपी ही वेबसाइटची प्रोग्रामिंग भाषा शिकायला घेतली.

आधी क्लास लावला. नाव सांगत नाही, सर माणूस म्हणून भले होते. पण झेरॉक्सच्या नोट्स कोणत्या काळातल्या ते देव जाणे. माहिती साठवायचा डेटाबेस जोडायला त्यांनी 'मायएसक्यूएल_कनेक्ट' हे फंक्शन, म्हणजे तयार आज्ञा, शिकवलं. घरी लॅपटॉपवर पीएचपी 8, तिथं उत्तर आलं की असं फंक्शनच नाही. सर म्हणाले, "जुनं व्हर्जन टाका."

त्या रात्री पहिल्यांदा पीएचपीच्या साइटवरचं मॅन्युअल उघडलं. त्या फंक्शनच्या पानावर वरच ठळक इशारा: 5.5 मध्ये बाद ठरवलं, 7.0 मधून काढून टाकलं, त्याऐवजी मायएसक्यूएलआय किंवा पीडीओ वापरा. 7.0 आलं 2015 च्या डिसेंबरात. म्हणजे नऊ हजार मोजून मी दुरुस्त करता न येणारं मशीन विकत घेतलं होतं.

तेव्हापासून मॅन्युअल हाच माझा क्लास. साइटच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन फंक्शनचं नाव टाकलं की थेट ते पान उघडतं. कोणत्या व्हर्जनपासून आहे, मध्ये काय बदललं, चालवून बघता येईल असं उदाहरण, सगळं एका जागी. खाली लोकांच्या टिपा असतात. त्यांची तारीख आधी बघायची, काही पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या आहेत.

खरा उपयोग झाला तो ज्ञानेश्वरमुळे. पत्रिकेवर जागा मोजकी, म्हणून नावाला 20 अक्षरांची मर्यादा घातली होती. पहिल्याच चाचणीत फॉर्मनं 'ज्ञानेश्वर' नाकारलं, नाव फार मोठं म्हणे! डोळ्यांना तर चारच अक्षरं दिसतात: ज्ञा, ने, श्व, र. लांबी मोजायला मी वापरलेल्या 'स्ट्रलेन'चं पान मॅन्युअलमध्ये काढलं, तिथं स्पष्ट लिहिलंय की हे अक्षरं नाही, बाइट (कॉम्प्युटरमधल्या साठवणीचं माप) मोजतं. युनिकोडच्या यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, आणि या नावात काना, मात्रा, दोन हलंत धरून दहा चिन्हं. झाले 30. त्याऐवजी चिन्हं मोजणारं 'एमबी_स्ट्रलेन' घातल्यावर उत्तर 10 आलं आणि ज्ञानेश्वर आत गेला. हे चारही नाहीच, पण काम भागलं. पूर्वी श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये आमची डोकेदुखी वेगळी असायची, ही नवी.

आता तक्रारी. पहिल्या पानापासून शिकायला हे पुस्तक नाही. व्हेरिएबल म्हणजे काय हे ज्याला माहीत नाही तो चौथ्या ओळीला गळतो, तेवढ्यापुरता क्लास हवाच होता (नऊ हजारांचा नव्हे). मराठी सोडा, हिंदीतही नाही. आणि भाषेचा तिरपागडेपणा मॅन्युअल लपवत नाही, पण सुधारणार तरी कसा? 'स्ट्रपॉस'मध्ये आधी कशात शोधायचं ते द्यायचं, मग काय शोधायचं. 'इन_अ‍ॅरे'मध्ये बरोबर उलटं. मी अजून दर वेळी पान उघडून बघतो. रॅस्मस लेर्डॉर्फनं 1994 मध्ये स्वतःच्या होम पेजसाठी ही हत्यारं लिहायला घेतली, तेव्हा एवढं जग यावर चालेल असं कुणाच्या मनात असणार! वेबसाइट बनवायचं वर्डप्रेससुद्धा यातच लिहिलंय.

पाचपैकी चार तारे. इंटरनेट गेलं तरी अडू नये म्हणून पूर्ण मॅन्युअल डाउनलोड करून दुकानातल्या कॉम्प्युटरवर ठेवलंय. आता फॉर्ममध्ये एवढंच राहिलंय: 'चि.' आणि 'चि. सौ. कां.' लोक नावाच्याच रकान्यात भरतात, ते कापायचं.