दुबई की व्हिएतनाम?

पावसात आमच्या वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यातलं काम मंदावतंच. म्हणून यंदा तीन महिने बाहेर जायचं ठरलंय. कुठे, यावर घरात रोज वाद.

दुबई म्हणजे आत्तेभावाचं घर, बांगड्याचं तिखलं, चार मालवणी माणसं. हिशेबही सोपा. दिरहम १९९७ पासून डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला ३.६७२५. तो डॉलरपुढे हलत नाही, हलतो तो आपला रुपया, तोही बहुतेक खालीच. पगारावर आयकर नाही. २०१८ पासून ५ टक्के व्हॅट तेवढा आहे. पण जुलैतलं तिथलं ऊन! आणि भाड्याने राहायचं म्हटलं तर खिसाच फाटेल.

व्हिएतनाममध्ये ५ लाख डाँगची नोट असते. लखपती व्हायला एक नोट पुरे. १९८६ च्या ‘दोई मोई’ सुधारणांनी तिथला बाजार खुला झाला आणि आज काजूगराच्या निर्यातीत तो देश जगात पहिला आहे. गंमत म्हणजे कच्ची बी बरीचशी आफ्रिका आणि कंबोडियातून आणलेली! फोडणी, सोलणी मशिनवर. आमच्याकडे बायका अजून बोटांना तेल चोपडून एकेक बी फोडतात, नाहीतर चिकाने कातडी सोलवटते. ती मशिनं मला जवळून बघायचीत. ई-व्हिसाही ९० दिवसांचा मिळतो.

माझं मत व्हिएतनामला. आत्तेभाव रुसलाय. आईचा एकच प्रश्न, “थंय मासे गावतत मां?”