पीएफचं ‘स्क्रब’: आठ महिन्यांनंतर

जुना राउटर काढून त्या जागी फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमचा छोटा संगणक बसवला आणि त्यावर पीएफ ही फायरवॉल (येणारी-जाणारी माहिती नियमांनुसार गाळणारी व्यवस्था) लावली, त्याला आठ महिने झाले. कारण एकच: जुना राउटर पॅकेटचे (नेटवर्कवरून जाणाऱ्या माहितीच्या गठ्ठ्यांचे) तुकडे आले तसे आत सोडायचा. पॅकेट कोणत्या सेवेसाठी आहे ते सांगणारा पोर्ट नंबर असतो फक्त पहिल्या तुकड्यात. मागून येणाऱ्यांना अडवायचं कशाच्या जोरावर?

पहिल्या आठवड्यात मी अतिशहाणपणा केला आणि सगळेच तुकडे अडवले. त्याबरोबर व्हीपीएनही बसलं. सर्टिफिकेट पाठवायची वेळ आली की जोडणी लटकायची, कारण तो यूडीपी (माहिती पाठवायची एक पद्धत) संदेश १५०० बाइटच्या एमटीयूत, म्हणजे पॅकेटच्या कमाल आकारात, मावत नव्हता आणि तुकड्यांत यायचा. दोन संध्याकाळी मी पासवर्डच तपासत बसले होते!

मग पीएफच्या नियमांत ‘स्क्रब’ची एक ओळ घातली. आता पीएफ तुकडे स्वतःकडे जमवते, पॅकेट जुळवते आणि मगच नियम लावते. चाचणीच्या नेटवर्कवर स्कॅपी या पॅकेट बनवणाऱ्या साधनाने एकमेकांवर चढणारे तुकडे सोडून पाहिले. १९९७च्या टिअरड्रॉप हल्ल्याची हीच युक्ती: ऑफसेट (तुकड्याची पॅकेटमधली जागा) असे द्यायचे की जुळवणाऱ्याचा हिशेब चुकावा. आतल्या यंत्रावर येणारी पॅकेट दाखवणारं टीसीपीडम्प चालू होतं. तिथे सुटा तुकडा एकही दिसला नाही. (पॅकेट मुद्दाम लहान घेतली होती. एमटीयूहून मोठं पॅकेट तपासून झाल्यावर बाहेर पडताना पुन्हा तुटतंच.) शेवटच्या तुकड्याने बेरीज पॅकेटच्या ६५,५३५ बाइटच्या कमाल मर्यादेपुढे नेणारा जुना ‘पिंग ऑफ डेथ’ हल्लाही दारातच अडला.

खटकणारी गोष्ट म्हणजे जुळवायचं तर साठवावं लागतं. कोणी नुसते अर्धवट तुकडेच पाठवत राहिला तर रांग भरते आणि खरे तुकडेही गळतात. पीएफची मूळ मर्यादा ५००० तुकड्यांची. मी ती वाढवली नाही. २०१८चा लिनक्समधला फ्रॅगमेंटस्मॅक हा दोष याच दुखण्यातला. तिथे अपडेट होईपर्यंतचा तात्पुरता उपाय तुकड्यांसाठीची मेमरी ४ एमबीवरून २५६ केबीवर आणण्याचा होता, म्हणजे वाढवण्याच्या अगदी उलट.

त्यापेक्षा तुकडे पडूच नयेत हे बरं. डीएनएसच्या (नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेच्या) यूडीपी उत्तरांची मर्यादा, म्हणजे बफर, १२३२ बाइटवर आणला, व्हीपीएनमधून जाणाऱ्या टीसीपी जोडण्यांसाठी ‘मॅक्स-एमएसएस’ (एका पॅकेटमधला कमाल मजकूर) कमी केला. तेव्हापासून पीएफच्या आकडेवारीतली ‘फ्रॅगमेंट’ची ओळ आठवडेच्या आठवडे हलत नाही. हलली की मी आधी व्हीपीएनच तपासते.