मुऱ्हा म्हशीचा व्हिडिओ खरा, त्याखालचा नंबर खोटा

विसार ५,१००. गाडीभाडं १८,५००. वाटेतला विमा म्हणून ७,९९९, तोही ‘परत मिळणारा’. मग गाडी चेकपोस्टवर अडवली म्हणून १२,४००. यूट्यूबवरच्या व्हिडिओखालच्या नंबरवर ठरवलेल्या म्हशीपायी चिकोडी तालुक्यातल्या आमच्या घरातून असे ४३,९९९ रुपये गेले आणि म्हैस आलीच नाही. ‘शिकली-सवरलेली माणसं अशी कशी फसतात’ असं विचारणाऱ्यांनी आधी पुढचं वाचावं.

वडगावच्या बाजारात जनावर पारखणारी माणसं आमच्या घरात आहेत. चौथ्या वेताची म्हैस दुसऱ्या वेताची म्हणून गळ्यात मारायला आलेले दलाल त्यांनी दात बघून परत पाठवलेत. व्हिडिओतही त्यांनी तेच बघितलं. शिंगं घट्ट वळलेली, चारही सड सारखे, धार काढताना कॅमेरा कुठे तुटला नाही, दुधाची बादली काट्यावर ठेवलेली. सगळं खरं होतं, कारण गोठाच खरा होता. हरियाणातल्या कुणा खऱ्या दूधवाल्याचा व्हिडिओ उचलायचा, त्यावर मराठी आवाज चढवायचा, खाली स्वतःचा नंबर टाकायचा, एवढाच या चोरांचा धंदा. आवाजही असा की ‘निपाणी, चिकोडी, खानापूरच्या शेतकऱ्यांना पोच गाडी’ म्हणून गावांची नावं घेणारा. सीमाभागातल्या माणसाला आपल्या भाषेत कुणी व्यवहार समजावून सांगितला की निम्मा विश्वास तिथंच बसतो, आणि हे त्या चोरांना पक्कं ठाऊक आहे.

चोरलेला व्हिडिओ ओळखता येतो. यूट्यूबच्या आपोआप तपासणीत सापडू नये म्हणून हे लोक चित्र आरशासारखं उलटं करतात. ट्रॅक्टरची नंबरप्लेट, भिंतीवरची पाटी, कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचे आकडे उलटे दिसले की तिथंच थांबा. मूळ मालकाचा नंबर झाकायला चित्र मोठं करून कापलेलं असतं, मग म्हशीचे पाय किंवा माणसाचं डोकं चौकटीबाहेर जातं. बोलणाऱ्याचे ओठ आणि आवाज जुळत नाहीत.

सबस्क्रायबर किती, हे बघून काहीच कळत नाही. जुनं चॅनेल विकत मिळतं. नाव बदलतात, पण @ नंतरचं हँडल कधी कधी जुनंच राहतं. माहितीच्या पानावर चॅनेल सुरू झाल्याची तारीख असते. चॅनेल सात वर्षांचं आणि म्हशींचा पहिला व्हिडिओ गेल्या महिन्यातला असेल, तर मधले व्हिडिओ कुठे गेले? चॅनेलच्या नावापुढच्या ‘व्हेरिफाइड’ खुणेसाठी एक लाख सबस्क्रायबर झाले की अर्ज करता येतो; व्यवहार चोख असल्याचा तो दाखला नव्हे. नापसंतीचा आकडा यूट्यूबने नोव्हेंबर २०२१ पासून लपवलाय. कमेंटमध्ये ‘फसवणूक’, ‘फ्रॉड’ असे शब्द अडवून ठेवायची सोय चॅनेलवाल्याच्याच हातात आहे. म्हणजे ‘म्हैस मिळाली, धन्यवाद दादा’ एवढंच आपल्याला दिसणार. निदान कमेंटचा क्रम ‘सर्वात नवीन’ लावून वाचा.

आता जिथं हे पकडलं जायला हवं होतं ती जागा. विसार पाठवताना यूपीआयच्या पडद्यावर खातेदाराचं नाव येतं. व्हिडिओत डेअरी कुणा चौधरीची, आणि पडद्यावर नाव भलत्याच बाईचं. विचारल्यावर उत्तर तयार: ‘वहिनींचं खातं आहे.’ हे उत्तर खोटं वाटावं कसं? आपल्याकडेही दुधाचं बिल बायकोच्या खात्यावर जमा होतंच की! याच एका सवयीवर ते ५,१०० गेले, आणि विसार दिल्यावर तो बुडू नये म्हणून माणूस पुढचे पैसे भरत जातो. नाव जुळलं नाही तर एक रुपयाही पाठवू नका, सांगितलेलं कारण कितीही पटलं तरी.

पुढचा संताप पोलीस ठाण्याचा. मराठीत लिहिलेला अर्ज परत दिला, कन्नडमध्ये आणा म्हणाले. आणल्यावर म्हणाले, खातं राजस्थानचं, तिकडे जा. मग म्हणाले, जनावराचा व्यवहार आहे, दिवाणी कोर्टात जा. अहो, म्हैस अस्तित्वातच नव्हती, व्यवहार कसला? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ १ जुलै २०२४ पासून लागू आहे. दखलपात्र गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावीच लागते. हे कलम शेतकऱ्याने पोलिसाला सांगायचं का? बँकेने तर हात वर केले: पिन तुम्हीच टाकलात. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकातलं संरक्षण ग्राहकाच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांना होतं, आणि नेमके याच फटीतून या चोरांनी पैसे काढले. यूट्यूबकडे तक्रार केली. चॅनेल अजून चालू आहे.

म्हणून पैसे गेल्याचं कळलं की पहिल्या तासातच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधीच अडवता येतात. यूटीआर (म्हणजे त्या व्यवहाराचा) क्रमांक, वेळ, रक्कम हाताशी ठेवा आणि तक्रारीचा पोचक्रमांक लिहून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं पुसू नका, व्हिडिओची लिंक जपून ठेवा.

व्हिडिओ कॉलवर नुसती म्हैस बघू नका, दुसऱ्या मोबाईलवरचा व्हिडिओ समोर धरता येतो. ‘डाव्या शिंगावर हात ठेवा, आता शेपटीकडे जा’ असं सांगा. बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक मोठ्याने वाचायला लावा आणि गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून घ्या. विक्रेता खरा निघाला तरी सकाळ-संध्याकाळ सलग दोन्ही धारा बघा. एक धार चुकवून कास तुंबवलेली असते, आणि बादलीतला फेस दुधात मोजला जातो. वजन बादली वजा करूनच धरा. आणि गाडीभाडं म्हैस दारात उतरल्यावर, ड्रायव्हरच्या हातात.