रात्रीचा स्वयंपाक आणि सहा महिन्यांचं बाळ: मावशी, डबा, आजी की घरचा कुकर?

मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी मातृत्व रजा २६ आठवड्यांची झाली. सगळी रजा बाळंतपणानंतर घेतली, तर ती संपते तेव्हा बाळ सहा महिन्यांचं असतं. आधी घेतली असेल (८ आठवड्यांपर्यंत घेता येते), तर आई त्याहून लवकर कामावर. आणि त्याच सुमारास बाळाचं उष्टावण होतं. दुधावर असलेलं बाळ जेवायला लागतं आणि त्याला भरवणारी दिवसभर घराबाहेर जाते. पुण्या-ठाण्याच्या दोन खोल्यांच्या घरात ‘रात्रीचं जेवण कोण करणार’ हा प्रश्न तेव्हाच खरा उभा राहतो. आधीचे महिने बाळंतिणीचं करायला कोणीतरी आलेलं असतं.

पर्याय बरेच आहेत. बहुतेक जण ते चव आणि पैसे यांवर तोलतात. माझ्या मते आधी दोन गोष्टी बघाव्यात. पहिली, संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ या दोन तासांतलं किती काम हलकं होतं? तिन्हीसांजेला बाळं किरकिरतात, आई नुकती दारातून आलेली असते आणि दिवसभर तिची वाट पाहिलेल्या बाळाला तीच हवी असते. दुसरी, त्या स्वयंपाकातून बाळाची वाटी निघते का? सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दूध चालू ठेवून दिवसातून २-३ वेळा आणि नवव्या महिन्यापासून ३-४ वेळा भरवावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यातलं एक जेवण रात्रीचं. ते वेगळं शिजवायचं असेल, तर घरात दोन स्वयंपाक होतात.

स्वयंपाकाच्या मावशी

‘बाई मिळाली की सुटलो’ असं सगळे म्हणतात. पण मावशी सकाळी येणार की संध्याकाळी, यावर सगळं अवलंबून आहे. संध्याकाळी येणाऱ्या मावशींच्या हातचं गरम जेवण मिळतं, हे सुख मोठं आहे. मात्र त्यांची वेळ त्यांच्या चार-पाच घरांच्या साखळीत बसलेली असते. त्या साडेसातला येणार असतील, तर तुमच्या बाळाच्या झोपेच्या वेळी बेल वाजेल, मिक्सर फिरेल आणि मिरचीची फोडणी दुसऱ्या खोलीपर्यंत पोचेल. सहाला येत असतील तर बघा, पण तेव्हा घरात कोण असणार, तेही ठरवा.

सकाळी येणाऱ्या मावशी मला जास्त सोयीच्या वाटतात. त्या दोन्ही वेळच्या पोळ्या आणि भाजी करून जातात, संध्याकाळी फक्त गरम करायचं. एक पथ्य कडक पाळायचं: शिजवलेलं दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे. विशेषतः भात. भात ओट्यावर तासन्‌तास राहिला तर त्यात बॅसिलस सेरियस नावाचे जिवाणू वाढतात आणि त्यांनी तयार केलेलं एक विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून सकाळच्या मावशींकडून भात करून घेऊच नका. पोळ्या, भाजी, निवडून-चिरून ठेवलेली उद्याची भाजी, खोवलेला नारळ एवढं त्यांच्याकडे द्या.

बाळाच्या वाटीचं काय? मावशींना पहिल्याच दिवशी सांगा की बाळासाठी मीठ-तिखट घालण्याआधी थोडं बाजूला काढायचं. पहिल्या वर्षात मीठ आणि साखर नको, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, आणि मध तर वर्षाच्या आत अजिबात नको. पण घाईच्या वेळी हात सवयीने मिठाकडे जातो, म्हणून यावर फार विसंबू नका. सुट्ट्यांचंही आधीच बोलून घ्या. गणपतीत, दिवाळीत त्यांनाही गावी जायचं असतं, त्यांचीही मुलं आजारी पडतात. महिन्याच्या ठरलेल्या सुट्ट्या पगारी द्या. माणूस टिकतं, आणि तेच रास्त आहे.

डबा आणि पोळीभाजी केंद्र

डब्याचा गुण एकच, पण मोठा: घरात गॅस पेटवावा लागत नाही. बाळ आजारी, आईला ताप, घरात मदतीला कोणी नाही, अशा आठवड्यांत डबा लावणं शहाणपणाचं. पण बाळाची वाटी त्यातून निघत नाही. मीठ, तिखट, तेल, कधी उसळ लवकर शिजावी म्हणून सोडा, असं सगळं त्यात एकजीव झालेलं असतं. वरून पाणी घालून मीठ कमी करू म्हणाल, तर बाळाच्या पोटात फक्त पाणी जातं. शिवाय अंगावर पाजणाऱ्या आईला भूक जास्त लागते. चार पोळ्यांचा ठरीव डबा तिला पुरत नाही. लावलाच तर एका महिन्याचा लावा, आणि तोही डाळ-भात वगळून. पोळीभाजी केंद्रातून नगावर पोळ्या आणणं त्याहून बरं, कारण हवं तेवढंच घेता येतं.

मोबाइलवरून मागवलेलं जेवण रोजची सोय म्हणून धरूच नये. शुक्रवारी रात्री दमलात तर मागवा.

आजी

आजी घरात असेल तर सगळे तिला ओट्याशी उभं करतात. मला हे पटत नाही. दिवसभर रांगत्या बाळामागे फिरलेल्या साठीच्या बाईला संध्याकाळी आणखी वीस पोळ्या लाटायला लावायच्या, याला मदत घेणं म्हणत नाहीत. तिला विचारा: ‘आई, तुम्ही बाळाला घ्याल की कुकर लावाल?’ आणि ती म्हणेल ते एकच काम तिच्याकडे द्या. पुष्कळ आज्या बाळाला घेऊन खाली फेरी मारणं पसंत करतात, आणि त्या अर्ध्या तासात घरातला स्वयंपाक उरकतो.

घरी, स्वतः

‘घरी करायचं’ म्हटलं की डोळ्यांसमोर पूर्ण ताट येतं आणि धीर सुटतो. त्या ताटाचे दोन भाग करा. पोळी हे खरं कष्टाचं काम. दोन्ही हात कणकेत, तवा तापलेला. बाळ रडलं तर गॅस बंद करा, हात धुवा, मग उचला. परत येईपर्यंत उंड्यांवर साय धरलेली. कुकरचं तसं नाही. भांडी आत ठेवून झाकण लावलं की हात मोकळे.

आणि बाळाचं जेवण नेमकं कुकरमध्येच असतं. तळाच्या भांड्यात तूर किंवा मुगाची डाळ, हळद आणि चिमूट हिंग. त्यावर तांदूळ. सगळ्यात वर छोट्या वाटीत लाल भोपळ्याच्या, गाजराच्या किंवा बटाट्याच्या फोडी. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करा, म्हणजे बाळ दचकत नाही. कुकर उघडला की आधी बाळाचं काढायचं: मऊ भात, घट्ट वरण, एखादी फोड, चमचाभर तूप. ते चमच्याने कुस्करा. मिक्सरमधून पातळ काढू नका; चमच्यावर टिकेल इतकं दाट हवं, नाहीतर इवल्याशा पोटात पुरेसं अन्न जात नाही. नवव्या महिन्यानंतर थोडं भरडच राहू द्या. बाळाची वाटी निघाली की उरलेल्या वरणात मीठ घाला, मोठ्यांसाठी फोडणी द्या. एका कुकरात घरातल्या सगळ्यांचं झालं.

रांगायला लागलेलं बाळ नेमकं ओट्यापाशी पायात येतं, म्हणून फोडणीच्या वेळी स्वयंपाकघराच्या दाराला अडसर हवाच. बाळाला कडेवर किंवा झोळीत घेऊन गॅसपाशी उभं राहू नका. तडतडणारी मोहरी आणि कुकरची वाफ त्याच्या तोंडाच्या उंचीवर येते.

आता कुकर कोणी लावायचा? माझ्या मते बाबाने, आणि यावर मी ठाम आहे. संध्याकाळी बाळाला पाजणं आईलाच करावं लागतं, कुकर लावणं कोणालाही जमतं. आईने ओट्याशी उभं राहायचं आणि बाबाने तिच्यासाठी रडणारं बाळ थोपटत बसायचं, अशी वाटणी घरोघरी दिसते. त्यात बाळ, आई आणि बाबा तिघंही कावतात. बाबा उशिरा येत असेल तर त्याने सकाळी निघण्यापूर्वी डाळ-तांदूळ मोजून ठेवावेत आणि कामावरून येताना पोळ्या आणाव्यात.

मग काय निवडावं?

दोघंही नोकरी करत असाल आणि बाळ पाळणाघरात असेल, तर पोळ्या-भाजी सकाळच्या मावशींकडून, कुकर संध्याकाळी घरी. मावशी मिळत नसतील किंवा परवडत नसतील, तर पोळ्या केंद्रातून आणि भाजी एक दिवसाआड. इतर दिवशी वरण-भात, तूप-लिंबू आणि कोशिंबीर पुरते. आई घरी असेल तरी पोळ्यांची मदत घ्या. दिवसभर एकट्याने बाळ सांभाळणं हे पूर्ण वेळेचं काम आहे. आजी राहायला असेल, तर पोळ्यांचे पैसे वाचवू नका. दोघांपैकी एक जण फिरतीवर असेल, तर त्या दिवसांपुरता मुगाच्या खिचडीचा एकच कुकर: बाळाचं मिठाआधी काढून घ्यायचं, मोठ्यांनी पापड-लोणच्याशी जेवायचं.

परदेशात असाल तर मावशींच्या जागी फ्रीजरमधल्या तयार पोळ्या आणि वेळ लावता येणारा विजेचा कुकर, बाकी मांडणी हीच.

बाळ वर्षाचं झालं की हे सगळं पुन्हा बघा. तेव्हा त्याला घरच्या पातेल्यातलं कमी तिखटाचं, बेताच्या मिठाचं देता येतं, ते पोळीचा तुकडा वरणात भिजवून स्वतःच्या हाताने खायला लागतं, आणि मग संध्याकाळच्या मावशींची वेळही कदाचित तुमच्या घराला जुळेल.