भरवस्तीत सॅटेलाइट इंटरनेट: काही महिन्यांच्या वापरानंतर

आकडे आधीच देतो. पहाटे डाउनलोड २०० एमबीपीएसच्या वर, दुपारी १२० ते १५०, आणि रात्री आठ ते अकराच्या दरम्यान बऱ्याचदा ३० ते ४०. अपलोड दिवसभर १० ते २०. डिश तीच, गच्ची तीच, केबलही तीच.

पिंगबद्दल, म्हणजे विनंती पाठवल्यापासून उत्तर परत येईपर्यंतच्या वेळेबद्दल, तक्रार नाही. जुने भूस्थिर, म्हणजे जमिनीवरून एकाच जागी दिसणारे उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर असतात, त्यांच्यामार्फत विनंती जाऊन उत्तर परत यायला अर्ध्या सेकंदाहून जास्त लागतो. माझं कनेक्शन साधारण ५५० किलोमीटरवरच्या उपग्रहांचं आहे, त्यामुळे पिंग ३० ते ५० मिलिसेकंद येतो आणि व्हिडिओ कॉलवर एकमेकांचं बोलणं तोडलं जात नाही. मात्र रात्री मागे मोठं डाउनलोड चालू असेल तर हाच पिंग दीडशेच्या पुढे जातो. स्पीड टेस्टमधला मोठा आकडा पाहून हे कळत नाही.

रात्री स्पीड का पडतो? उपग्रहाचा बीम, म्हणजे सिग्नलचा झोत, जमिनीवरच्या ठरावीक टापूवर पडतो आणि त्या टापूतले सगळे ग्राहक त्याची क्षमता वाटून घेतात. विरळ वस्तीत वाटेकरी मोजके, शहरात तेवढ्याच टापूत हजारो घरं. डोक्यावर उपग्रह वाढले की प्रश्न सुटेल असं वाटतं, पण ते अर्धंच खरं. एकाच टापूवर एकाच फ्रिक्वेन्सीचे बीम सोडले तर ते एकमेकांना त्रास देतात आणि फ्रिक्वेन्सी मोजूनमापूनच मिळालेल्या असतात. गर्दी झाली म्हणून फायबरवाला आणखी एक केबल ओढू शकतो, इथे ती सोय नाही. त्यामुळे जाहिरातीतला आकडा शहरात पहाटेचा समजावा.

दुसरी अडचण आकाशाची. माझ्या डिशला साधारण १००° चा मोकळा शंकू लागतो. म्हणजे डिशपेक्षा २० मीटर उंच इमारत २४ मीटरच्या आत असली की ती आड येते. पाण्याची टाकी आणि लिफ्टची खोली तर गच्चीवरच असतात. बाल्कनीचा विचारच सोडा, अर्धं आकाश आपलीच इमारत खाते. ॲप अडथळा एक-दोन टक्के दाखवतं आणि आपण खूश होतो. पण उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या वेगाने सरकत असतात, तेव्हा ते एक-दोन टक्के म्हणजे दिवसभर विखुरलेले काही सेकंदांचे खंड. सिनेमा बफरवर निभावतो, मीटिंगमध्ये मात्र चेहरा गोठतो. डिश टाकीच्याही वर, खांबावर चढवल्यावर माझ्याकडचा हा त्रास जवळपास संपला. गच्ची सामाईक असेल तर सोसायटीची परवानगी आधी घ्या, हे काम डिश बसवण्यापेक्षा अवघड आहे.

शहरात स्लो स्पीडचं खापर बरेचदा उपग्रहावर फुटतं आणि चोर घरातच असतो. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल जेमतेम तीन, आणि इमारतीतले सगळे राउटर त्यातच घुसलेले. लॅपटॉपला लॅन केबल लावून मोजा, मगच तक्रार करा. केबलवर १४० आणि आतल्या खोलीत वायफायवर २५, असं मी स्वतः पाहिलंय.

पावसाची भीती वाटत होती, पण रिमझिमीत काही फरक पडत नाही. ढगफुटीसारखा कोसळला की काही मिनिटं कनेक्शन जातं, एवढंच. विजेचं मात्र कुणी सांगत नाही: डिश आणि राउटर मिळून ६०-७० वॅट सतत खातात, म्हणजे महिन्याला ४० ते ५० युनिट. साध्या राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस इथे उपयोगाचा नाही. शिवाय आयपी ॲड्रेस, म्हणजे इंटरनेटवरचा आपला पत्ता, अनेकांमध्ये सामाईक असतो. घरचा कॅमेरा बाहेरून थेट उघडायचा असेल तर आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा स्वतंत्र पत्ता) किंवा व्हीपीएनची (इंटरनेटवरून घरापर्यंतचा खासगी मार्ग) वाट धरावी लागते.

मग ठेवलंय कशाला? रस्ता खोदताना फायबर तुटतं तेव्हा यावर काम चालू राहतं, कारण याचा मार्ग त्या खड्ड्यातून जात नाही. दोन वॅन पोर्टचा, म्हणजे दोन इंटरनेट कनेक्शन एकत्र जोडता येणारा, राउटर घेतला, फायबर मुख्य आणि हे राखीव. मोठे बॅकअप पहाटे लावून देतो. फायबर पोचतच नाही अशा इमारतीत राहणाऱ्याने हे बिनधास्त घ्यावं. बाकीच्यांनी आधी आपल्याच भागातल्या कुणाकडे तरी रात्री नऊ वाजता, लॅन केबल लावून स्पीड बघून यावा.