साधा स्पार्क प्लग की इरिडियम? पहिल्यांदाच स्वतः बदलताय तर

तुमच्या दुचाकीच्या माहितीपुस्तिकेत कंपनीनेच इरिडियम प्लग सांगितला असेल, तर पुढचं वाचायची फारशी गरज नाही, तोच घाला. चार सिलिंडरची गाडी असेल आणि प्लगपर्यंत पोचायला टाकी आणि एअरबॉक्स उतरवावा लागत असेल, तरीही इरिडियमच बरा. तिथे प्लगच्या किमतीपेक्षा खोलाखोलीचा व्याप मोठा असतो आणि इरिडियमचा गॅप (ठिणगी उडते ती दोन टोकांमधली फट) फार हळू वाढतो. प्रश्न उरतो तो एका सिलिंडरच्या, प्लग समोर दिसणाऱ्या गाडीचा, त्यातही कार्बुरेटरवाल्या. पहिल्यांदा हातात पाना घेणारे बहुतेक जण अशाच गाडीपासून सुरुवात करतात.

इरिडियमचं कौतुक खोटं नाही. साध्या निकेल प्लगचा मधला इलेक्ट्रोड, म्हणजे ठिणगी जिथून उडते ते टोक, साधारण अडीच मिलिमीटर जाड असतो, इरिडियमचा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. हा धातू २४०० अंश सेल्सिअसच्याही वर वितळतो, म्हणून इतकं बारीक टोक टिकतं. बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टेजवर उडी मारते. थंडीत बॅटरी थोडी उतरलेली असली किंवा आयडलिंग फार खाली ठेवलेलं असलं, तर याचा फायदा जाणवतो. पिकअप वाढतो म्हणतात, ते मात्र जरा जपून घ्यावं. जुना झिजलेला प्लग काढून कोणताही नवा घातला तरी गाडी हलकी वाटते. सुस्थितीतल्या इंजिनात नवा साधा आणि नवा इरिडियम यांतला फरक मला तरी हँडलवर कळत नाही.

माझा कल साध्याकडे झुकतो तो मुख्यतः एका कटकटीमुळे: इरिडियमला हात लावता येत नाही.

शिकाऊ माणसाच्या गाडीत प्लग काळा पडणारच. चोक ओढलेलाच राहतो, एअर फिल्टर चोंदलेला असतो, रोजची फेरी इतकी छोटी असते की प्लग पुरता तापतच नाही. साध्या प्लगवर काजळी धरली तर पितळी तारेचा ब्रश मारा, पेट्रोलने धुवा, पूर्ण वाळू द्या, पॉलिश पेपरची घडी गॅपमधून एक-दोनदा फिरवा, गॅप जुळवून परत बसवा. बाजूचा वाकडा इलेक्ट्रोड कठीण पृष्ठभागावर हलकेच टेकवला की गॅप कमी होतो, गॅप टूलने बाहेर ओढला की वाढतो. बहुतेक गाड्यांचा गॅप ०.६ ते ०.९ मिलिमीटरमध्ये कुठेतरी असतो. नेमका आकडा पुस्तिकेत बघावा. गॅप जमला नाही, पुन्हा केला, तरी काही बिघडत नाही.

इरिडियमवर यातलं जवळजवळ काहीच करता येत नाही. तारेचा ब्रश त्या बारीक टोकाची झीज करतो. फिलर गेजची (फट मोजायच्या मापाची) पाती गॅपमध्ये दाबून बसवली की टोकाचा टवका उडू शकतो, आणि तो डोळ्याला दिसेलच असं नाही. गॅप तपासायचाच तर तारेचा गेज, तोही न दाबता. ‘कारखान्यातूनच गॅप जुळवून येतो’ म्हणावं तर एकाच नंबरचा प्लग वेगवेगळ्या गॅपच्या गाड्यांना चालतो, म्हणजे तपासणं आलंच. मग काळा पडलेला इरिडियम क्लीनरने फवारून वाळवायचा आणि नशिबावर बसवायचा. एवढा महाग प्लग टाकवत नाही आणि तो धड साफही होत नाही, ही अवस्था मला पटत नाही. बारीक टोकावर काजळी कमी धरते हे मान्य. पण मिश्रणात हवेच्या मानाने पेट्रोल जास्त असेल तर तोही काळा होतो.

दुसरं कारण प्लगला वीज आणणाऱ्या वायरचं आणि प्लगवर बसणाऱ्या तिच्या कॅपचं. पाऊस पडला की गाडी मिस मारते, धुतल्यावर लवकर चालू होत नाही, तेव्हा दोष पुष्कळदा प्लगचा नसतो; कॅप तडकलेली असते किंवा वायरचं टोक गंजलेलं असतं. इरिडियमला व्होल्टेज कमी लागतं, म्हणून तो घातला की गळकी कॅपसुद्धा काही काळ निभावून जाते. दुरुस्ती झाली असं वाटतं आणि दोष तिथेच राहतो. अंधारात इंजिन चालू ठेवून, हात न लावता, कॅपभोवती पाण्याचा हलका फवारा मारून पाहा. निळसर ठिणग्या हेडकडे (प्लग बसतो त्या इंजिनाच्या वरच्या भागाकडे) उडताना दिसल्या तर कॅप बदला.

हे काम अवघड नाही. बऱ्याच गाड्यांत कॅप वायरवर स्क्रूसारखी बसते. वायर घट्ट धरून कॅप डावीकडे फिरवली की निघते. तांब्याच्या तारा हिरव्या-काळ्या पडल्या असतील तर टोकाचे पाच-सहा मिलिमीटर कापा (वायरला तेवढी ढील आहे का ते आधी बघा) आणि नवी कॅप तारांच्या मधोमध घट्ट फिरवत आत न्या. कार्बन गाभ्याच्या वायरवर ही स्क्रूची कॅप चालत नाही. वायर कॉइलमध्येच (ठिणगीचं व्होल्टेज तयार करणाऱ्या भागात) ओतलेली असेल आणि तिच्या रबराला चिरा गेल्या असतील, तर कॉइलसकट बदलावी लागते. कॅपचा रोध मल्टीमीटरवर मोजता येतो, साधारण ५ किलो-ओम; काही कॅप रोधाशिवायही असतात. मीटर जोडणीच तुटलेली (अनंत रोध) दाखवत असेल तर ती गेली.

बसवण्याची रीत दोन्ही प्लगांना सारखीच. इंजिन पूर्ण थंड हवं; गरम ॲल्युमिनियम हेडमधून प्लग ओढला की आटे सोबत येतात. काढण्याआधी प्लगभोवतीची धूळ हवेने उडवा, नाहीतर ती सरळ सिलिंडरमध्ये जाते. कॅप ओढताना वायर धरू नका. नवा प्लग पान्याने सुरू करायचाच नाही. रबरी नळीचा तुकडा प्लगच्या शेंडीवर चढवून फिरवा. आटा तिरका लागला तर नळी घसरते आणि हेड वाचतं. वॉशर टेकेपर्यंत हाताने, मग नव्या प्लगला पान्याने अर्धा फेरा. तोच प्लग साफ करून परत घालताना वॉशर आधीच दबलेला असतो, तिथे फेऱ्याचा बारावा-आठवा भाग पुरे. टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते दाखवणारा) असेल तर १० मिलिमीटर आट्याला १० ते १२, १२ मिलिमीटरला १५ ते २० न्यूटन मीटर. आट्यांना ग्रीस लावू नका. घर्षण कमी होऊन त्याच जोरात प्लग जास्त आवळला जातो.

नंबर वाचूनच घ्या. एनजीके या प्लग कंपनीच्या सीआर८ईमध्ये सी म्हणजे १० मिलिमीटर आटा, आर म्हणजे आत रोध, ८ ही उष्णता श्रेणी, ई म्हणजे १९ मिलिमीटर लांबीचा आटा. एनजीकेत आकडा वाढला की प्लग थंड (म्हणजे उष्णता लवकर सोडणारा), बॉशमध्ये नेमकं उलट; अंदाजाने बदली नंबर घेणारे इथे फसतात. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत ‘आर’ नसलेला प्लग घालू नका, ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याला) त्रास होतो.

एका इरिडियमच्या पैशात साधे दोन प्लग आणि बहुधा एक कॅपही येते. एक प्लग इंजिनात घाला, दुसरा गॅप जुळवून डबीतच सीटखाली ठेवा. आणि शेंडीवरचा छोटा नट तुमच्या कॅपला लागतो की नाही, हे जुन्या प्लगवरून आत्ताच पाहून तो लावून किंवा काढून ठेवा. रस्त्यात थांबल्यावर तो पकडीशिवाय सुटत नाही.