‘वीस हजार पौंड आरामात ओढते’ म्हणून विकलेली पिकअप

पिकअप म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे टोमॅटोच्या क्रेटांनी भरलेली बोलेरो उभी राहते. अमेरिकेतली ‘हेवी ड्यूटी’ पिकअप हे वेगळं प्रकरण आहे. रिकामी गाडीच साडेतीन टनांच्या आसपास, साडेसहा लिटरच्या घरातलं टर्बो डिझेल इंजिन आणि मागे चाकांवरचं घर म्हणावं असा ट्रेलर. फोर्डची एफ-२५० आणि एफ-३५०, रॅमची २५०० आणि ३५००, शेव्हरोलेची सिल्व्हराडो एचडी, जीएमसीची सिएरा एचडी, मुख्यतः एवढाच बाजार. इतका पैसा घालून आणलेली गाडी ज्या कामासाठी घेतली तेच काम करू शकत नाही, असं पुन्हा पुन्हा घडतं. वाईट याचं वाटतं की बहुतेक वेळा विकणाऱ्याने एकही कागद खोटा केलेला नसतो. तिकडे राहणाऱ्या आणि ट्रेलर घेऊन नॅशनल पार्क फिरायचा विचार करणाऱ्या मराठी कुटुंबांनी हे गाडी बघायला जाण्याआधी वाचावं.

सुरुवात शोरूममध्ये होते. ग्राहक सांगतो, ‘१४,००० पौंडांचा फिफ्थ व्हील ट्रेलर घ्यायचाय.’ (फिफ्थ व्हील म्हणजे गाडीच्या मागच्या बॉलऐवजी हौद्यात बसवलेल्या जोडणीवर टेकणारा ट्रेलर.) सेल्समन ब्रोशर उघडतो, वीस हजारांच्या आकड्यावर बोट ठेवतो आणि म्हणतो, ‘सहा हजार शिल्लकच राहतात.’ आकडा खरा आहे, पण तो समोर उभ्या असलेल्या गाडीचा नाही. ब्रोशरमधला कमाल आकडा त्या मॉडेलच्या सगळ्यांत अनुकूल घडणीचा असतो. ठरावीक केबिन, ठरावीक अ‍ॅक्सल रेशो, ठरावीक टोइंग पॅकेज. तो वाहन अभियंत्यांच्या संस्थेने ठरवलेल्या ज्या एसएई जे-२८०७ पद्धतीने काढतात तिच्यात गाडीत दीडदीडशे पौंडांची दोनच माणसं धरलेली असतात. मुलं, कुत्रा, हौद्यातलं सामान यांचा हिशोब त्यात नाही. डीलरच्या लॉटवरची गाडी मात्र चार दारांची, फोर बाय फोर, सनरूफ आणि चामड्याच्या सीटांची असते. यातली प्रत्येक चैन गाडीच्या भार उचलण्याच्या ताकदीतून वजा झालेली असते.

खरा आकडा ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर चिकटवलेला सापडतो. पिवळ्या-पांढऱ्या स्टिकरवर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून इतक्या किलोंपेक्षा, इतक्या पौंडांपेक्षा जास्त भार कधीही घालू नये. हा त्या एकाच गाडीचा पेलोड. शेजारची तसलीच दिसणारी गाडी उघडा, आकडा दोनतीनशे पौंडांनी वेगळा निघेल. जवळच्याच दुसऱ्या लेबलवर गाडीचं भरल्यावरचं कमाल वजन, म्हणजे जीव्हीडब्ल्यूआर, आणि पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलच्या मर्यादा असतात. जीव्हीडब्ल्यूआर १०,००० पौंडांच्या वर असेल तर पिवळा स्टिकर असेलच असं नाही. तिथे गाडी काट्यावर घालून ते वजन जीव्हीडब्ल्यूआरमधून वजा करायचं.

आता हिशोब मांडा. सजवलेल्या २५०० डिझेलवर १,९५० पौंडांचा स्टिकर दिसणं नेहमीचं आहे. चौघांचं कुटुंब ६०० पौंड. हिच (ट्रेलर जोडायचं साधन) आणि हौद्यातलं किरकोळ सामान मिळून २५०. उरले १,१००. ट्रेलरचं सगळं वजन गाडीवर येत नाही, पण त्याचा हिस्सा येतोच. गाडीच्या मागच्या बॉलला अडकणाऱ्या ट्रेलरचा १० ते १५ टक्के, फिफ्थ व्हीलचा साधारण २० टक्के, कधी त्याहून जास्त. चौदा हजारांचे वीस टक्के म्हणजे २,८००, आणि जागा आहे अकराशेची. उलट बाजूने मोजलं तर या गाडीला झेपणारा फिफ्थ व्हील ५,५०० पौंडांचा, आणि साडेबारा टक्के धरले तर बॉलवरचा ट्रेलर ८,८०० पौंडांचा. ब्रोशरवर मात्र वीस हजार छापलेले असतात.

‘डिझेल आहे, जास्त वजन घेईल’ हे वाक्य इथे सगळ्यांत जास्त नुकसान करतं. डिझेल इंजिनाने ओढण्याची ताकद वाढते, उचलण्याची नाही. ते इंजिन पेट्रोलवाल्यापेक्षा शेकडो पौंडांनी जड असतं. अनेक २५०० डिझेल गाड्यांचा जीव्हीडब्ल्यूआर १०,००० पौंडांवर थांबवलेला असतो, कारण अमेरिकेतल्या वजनानुसारच्या वर्गवारीत तिथे वर्ग २ब संपून वर्ग ३ सुरू होतो. मर्यादा तीच आणि इंजिन जड, मग पेलोड घटणारच. तेच पेट्रोल इंजिनात घेतलं तर पेलोड बऱ्याचदा हजार पौंडांच्या आसपास जास्त मिळतो. म्हणून मोठा फिफ्थ व्हील डिझेलनेच ओढायचा असेल तर ३५०० किंवा एफ-३५० कडे जावं लागतं. मागे एकएकच चाक असलेल्या गाडीला साधारण ३,५०० ते ४,००० पौंडांचा पेलोड मिळतो, जोडचाकांच्या ‘ड्युअली’ला त्याहून बराच जास्त. डिझेलला नावं ठेवायची नाहीत. रॉकी पर्वतात आय-७० वर आयझेनहॉवर बोगदा ११ हजार फुटांच्या वर आहे, तिथला सात टक्क्यांचा उतार एक्झॉस्ट ब्रेकवर (धुराची वाट रोखून इंजिनानेच वेग आवरणं) चाकांचे ब्रेक न तापवता उतरता येतो, हे सुख डिझेलचंच.

स्टिकर दाखवला की पुढची उत्तरं तयार असतात. ‘मागे एअर बॅग बसवून देतो.’ ही अपघातातली एअर बॅग नव्हे, मागच्या सस्पेन्शनमध्ये घालायची हवेची पिशवी. तिने गाडीची मागची बाजू वर उचलली जाते, वाकलेली दिसत नाही, एवढंच. अ‍ॅक्सल, टायर, ब्रेक आणि जीव्हीडब्ल्यूआर तेच राहतात. ‘ट्रेलर तर ११ हजारांचाच आहे.’ हे त्याचं कोरडं वजन, कारखान्यातून निघतानाचं. पाणी गॅलनला ८.३४ पौंड भरतं, म्हणजे ६० गॅलनची टाकी ५०० पौंडांची. त्यावर गॅस सिलिंडर, बॅटऱ्या, भांडीकुंडी, खुर्च्या, कपडे. हिशोब नेहमी ट्रेलरच्या स्वतःच्या जीव्हीडब्ल्यूआरवर करायचा, कोरड्या वजनावर कधीच नाही. आणि रिसीव्हर हिचवर (गाडीच्या मागे बॉल बसवायच्या चौकोनी नळीवर) त्याचं स्वतःचं लेबल असतं, तेही वाचा. वजन वाटून देणारं हिच लावलं तर एक मर्यादा, नुसता बॉल लावला तर दुसरी, आणि दुसरी बरीच कमी.

शंका असेल तर हायवेवरच्या ट्रक स्टॉपवरचा कॅट स्केल वापरा. पुढचा अ‍ॅक्सल, मागचा अ‍ॅक्सल आणि ट्रेलर असे तीन वेगळे आकडे कागदावर छापून मिळतात, खर्च थोडक्या डॉलरांचा. आधी टाकी भरून, सगळे आत बसून एकटी गाडी घाला. मग ट्रेलर जोडून पुन्हा. दुसऱ्या वेळच्या पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या बेरजेतून पहिल्या वेळचं वजन वजा केलं की ट्रेलरने गाडीवर किती भार टाकला ते कळतं. डीलरने वरून बसवलेलं हौद्याचं झाकण आणि पायऱ्या यांचं वजनही काटा लपवत नाही.

जुन्या गाडीत फसवणुकीची जात बदलते. इथे गाडीचं आयुष्यच लपवलेलं असतं. तेलविहिरींवर दिवसभर चालू उभी असलेली किंवा भाड्याने माल ओढणारी गाडी धुऊन-पुसून ‘एकाच मालकाची, कुटुंबाची’ म्हणून येते. मीटरवर ९८,००० मैल, किंमत बाजारापेक्षा थोडी कमी. अशा वेळी मेन्यूत जाऊन इंजिन किती तास चाललंय ते बघा. बहुतेक हेवी ड्यूटी गाड्या हा आकडा दाखवतात, फोर्ड तर उभ्याने चाललेले तास वेगळे देते. मैलांना तासांनी भागा. हायवेवर राबलेल्या गाडीचा सरासरी वेग ३०-३५ च्या पुढे निघतो. ९८,००० मैल आणि ६,४०० तास असतील तर सरासरी १५. याचा अर्थ इंजिन हजारो तास उभ्यानेच चाललंय, नाहीतर मीटर मागे फिरवलंय किंवा बदललंय. उभ्याने चालणं डिझेलला मानवत नाही. एक्झॉस्ट पुरेसा तापत नाही, ईजीआर (थोडा एक्झॉस्ट इंजिनात परत फिरवणारी यंत्रणा) आणि डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) यांच्यात काजळी साठते, आणि ती जाळायला काही इंजिनं सिलिंडरमध्ये जादा डिझेल सोडतात तेव्हा त्यातलं थोडं ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल खुणेच्या वर आणि डिझेलचा वास, हे दोन्ही एकत्र दिसलं तर तिथेच थांबा.

हौद्याच्या तळाकडेही बघा. मध्ये जड ट्रेलर जोडायचा गूजनेकचा बॉल, फिफ्थ व्हीलसाठी रेल बसवल्याची भोकं, रिसीव्हरची रुंदावलेली नळी, आणि जाहिरात म्हणते ‘कधीच काही ओढलं नाही’. ईशान्येकडच्या मिठाच्या रस्त्यांवरून आलेल्या गाडीच्या चेसीसवर ताजा काळा थर दिसला तर छोट्या हातोडीने ठोकत जा. पोकळ आवाज किंवा पापुद्रे निघाले तर आत गंज आहे.

सगळ्यांत महागात पडणारी लबाडी धुराच्या यंत्रणेत असते. २००७ च्या मॉडेलांपासून डिझेल पिकअपांना काजळी अडवणारा डीपीएफ आला, पुढे डीईएफ, म्हणजे आपल्याकडचे बीएस-६ ट्रकवाले ज्याला ‘युरिया’ म्हणतात तो. हे बिघडलं की दुरुस्तीचा खर्च हजारो डॉलरांत जातो, म्हणून मालक ते काढून सरळ पाइप टाकतात आणि कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलतात. अशा गाडीला ‘डिलीटेड’ म्हणतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२० मध्ये अंदाज दिला होता की आधीच्या दहाएक वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपांमधून ही यंत्रणा काढली गेली. तेव्हा अशी गाडी तुमच्या वाट्याला येणं अजिबात अवघड नाही. कॅलिफोर्नियात १९९८ आणि त्यानंतरच्या मॉडेलच्या, १४,००० पौंडांपर्यंतच्या डिझेल गाड्यांना स्मॉग तपासणी लागते, तिथे ही गाडी पास होत नाही. कंपनीच्या वॉरंटीतही अडते. विकणारा हे ‘अपग्रेड’ म्हणून सांगतो, कधी सांगतच नाही.

ओळखायचं कसं? गाडी थंड असताना मागच्या पाइपात आतून पांढरं फडकं फिरवा. डीपीएफ शाबूत असेल तर फडकं जवळजवळ स्वच्छ निघतं. काळंकुट्ट निघालं तर डीपीएफ नाही किंवा फुटलाय. मग खाली वाका. इंजिनापासून मागे येताना पाइपवर जाडजूड डबे, त्यांत तापमानाचे सेन्सर, दाबाच्या बारीक नळ्या, नॉक्स (नायट्रोजन ऑक्साइड) सेन्सर दिसायला हवेत. पाइप सरळसोट असेल तर काय ते समजा. डीईएफची निळी टोपी जागेवर असली तरी टाकीत डीईएफ आहे का आणि डॅशबोर्ड त्याची पातळी दाखवतो का, ते पाहा. शेवटी गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा वीस-तीस डॉलरांचा ओबीडी रीडर लावा. दिवे विझवण्यासाठी आदल्या रात्री कोड पुसले असतील तर ‘कोड पुसल्यापासूनचं अंतर’ पाचदहा मैल दिसतं आणि रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या तपासण्या, अपूर्ण असतात. ‘बॅटरी बदलली म्हणून’ हे त्यावरचं ठरलेलं उत्तर. मग म्हणावं, शंभर-दीडशे मैल चालवा, आम्ही पुढच्या आठवड्यात येतो.

गाडी बघायला जाल तेव्हा ती आदल्या रात्रीपासून बंद हवी, हे फोनवरच ठरवून घ्या. पोचल्यावर आधी बॉनेटला हात लावा. गरम असेल तर थंड इंजिनाचा खडखडाट, पांढरा धूर, सुरू व्हायला लागणारा वेळ यांतलं काहीच तुम्हाला दिसणार नाही, आणि म्हणूनच ते तापवून ठेवतात.

इंधन पंपाबद्दल वेगळं सांगायला हवं. बॉशचा सीपी-४ हा उच्च दाबाचा पंप २०११ पासूनच्या फोर्ड ६.७ लिटरमध्ये, २०११ ते २०१६ च्या जीएम ड्युरामॅक्समध्ये आणि २०१९-२० च्या रॅम कमिन्समध्ये बसवला गेला. अमेरिकन डिझेलचा वंगणाचा निकष युरोपपेक्षा सैल आहे, झीज मोजण्याच्या चाचणीत इथे ५२० मायक्रॉन चालतात आणि तिथे ४६०. पंप आतून झिजला की धातूचा चुरा इंजेक्टरपासून टाकीपर्यंत सगळीकडे पसरतो. मग नुसता पंप बदलून भागत नाही. इंजेक्टर, रेल, नळ्या सगळं नवं, आणि बिल दहा हजार डॉलरांच्या आसपास किंवा पुढे. काही जण फक्त फिल्टर बदलून अशी गाडी विकून टाकतात. म्हणून वॉटर सेपरेटरमधलं (डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या भांड्यातलं) थोडं डिझेल स्वच्छ काचेच्या बरणीत काढून टॉर्चच्या उजेडात धरा. चमचमणारे कण दिसले तर सौदा संपला. गाडी घेतल्यावर पंप गेला आणि डीलर म्हणाला की ‘तुमच्या डिझेलमध्ये पाणी होतं, वॉरंटी नाही’, तर काढलेल्या डिझेलचा नमुना आणि फोटो त्याच दिवशी मागा. डिझेल भरल्याच्या पावत्या फेकू नका, या वादात त्या कामी येतात.

कागदांत पहिलं काम टायटलवरचं, म्हणजे मालकीच्या कागदावरचं, नाव विकणाऱ्याच्या लायसन्सशी जुळवणं. ‘मित्राची आहे, मी फक्त दाखवतोय’ म्हणणारा बहुधा परवान्याशिवाय धंदा करणारा असतो, आणि उद्या तो सापडत नाही. चोरीची किंवा विम्याने भंगारात काढलेली गाडी विमा कंपन्यांच्या एनआयसीबी या संस्थेच्या व्हिनचेकवर (गाडीचा नंबर टाकून) फुकट कळते. डीलरकडच्या जुन्या गाडीच्या काचेवर बायर्स गाइड, म्हणजे हमी आहे की नाही ते सांगणारा कागद, लावलेलं असतं. त्यावर ‘अ‍ॅज इज’ला (‘आहे तशी’, हमीशिवाय) खूण असेल तर तोंडी दिलेली हमी कागदावर उतरवून घ्या, नाहीतर ती नाही असं धरा. तीन दिवसांत गाडी परत करता येते, हाही एक गैरसमज. डीलरच्या लॉटवरून घेतलेल्या गाडीला केंद्रीय कायद्यात तशी सवलत नाही. आणि वेगळी वॉरंटी विकत घेणार असाल तर आधी वगळलेल्या गोष्टींचं पान वाचा. उंच केलेली गाडी, मोठे टायर, बदललेलं सॉफ्टवेअर त्यात बऱ्याचदा सापडतं, आणि तुम्हाला विकलेल्या गाडीत हे तिन्ही असू शकतं.

मीटर मागे फिरवल्याचं उघड झालं तर मात्र कायदा बऱ्यापैकी तुमच्या बाजूने आहे. २०११ आणि त्यानंतरच्या मॉडेलांना विक्रीच्या वेळी मीटरचा आकडा लिहून देणं वीस वर्षांपर्यंत बंधनकारक आहे. फसवण्याच्या हेतूने तो खोटा दिला असेल तर नुकसानीच्या तिप्पट किंवा १०,००० डॉलर, यांतली मोठी रक्कम मागता येते, वर वकिलाचा खर्च. दावा दोन वर्षांच्या आत लावावा लागतो. त्यासाठी जाहिरातीचे स्क्रीनशॉट, मेसेज, टायटलची दोन्ही बाजूंची प्रत आणि सौद्याच्या दिवशी काढलेला मीटरचा व इंजिनच्या तासांचा फोटो जपून ठेवा. हा फोटो सही करण्याआधी, गाडी विकणाऱ्याच्या अंगणात असतानाच काढायचा.